एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची



जेरुसलेमचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं. पहिल्यांदा इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनच्या फौजांनी केलं, दुसऱ्यांदा इ.स. 70 मध्ये रोमनांनी. घरच गेलं, मग देव राहतो कुठे? यहुदी धर्मगुरूंनी या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तालमूद हा त्यांचा धर्मग्रंथ सांगतो की लोक हद्दपार होऊन बाबिलोनला निघाले, तेव्हा ‘शेखिना’ही त्यांच्यासोबत निघाली. शेखिना म्हणजे माणसांत वस्तीला आलेलं ईश्वराचं सान्निध्य. हा शब्द हिब्रू बायबलात नाही, तो पुढच्या काळातल्या गुरूंचा. आजाऱ्याच्या उशाशी शेखिना असते, तेव्हा भेटायला आलेल्याने त्याच्या खाटेवर बसू नये, असंही तालमुदात आहे.

देव असा दुःखात सोबतीला उतरतो, तर शेजाऱ्यांनी मागे राहून कसं चालेल? विलापगीताला हिब्रूत ‘किना’ म्हणतात. इ.स. 200च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या ग्रंथात त्याची रीत दिली आहे. सगळ्यांनी एका सुरात रडगाणं म्हटलं तर तो वेगळा प्रकार. किना म्हणजे एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून साथ द्यायची. हे काम बायकांचं, आणि ते शिकावं लागे. बायबलातल्या यिर्मयाच्या ग्रंथात तर आयांना सांगितलंय की मुलींना विलाप शिकवा. गरिबातल्या गरिबानेही बायकोच्या अंत्ययात्रेला निदान दोन बासऱ्या आणि विलाप करणारी एक बाई आणावी, असं रब्बी यहूदांचं मत मिश्नात नोंदलं आहे. ऐपत नाही म्हणून कुणाची बायको मुक्यानेच जाऊ नये, ही त्यामागची कळकळ मला भिडते.

मंदिराचा शोक आजही पाळतात. हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवव्या दिवशी कडक उपास असतो, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. आदल्या संध्याकाळी चामड्याच्या चपला काढून लोक सिनेगॉगात जमिनीवर बसतात, दिवे मंद करतात आणि ‘एखा’ वाचतात. ही पाच विलापगीतं. पहिल्या चारांतली कडवी हिब्रूच्या 22 अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहेत. पाचव्यात तो क्रम सुटतो. शेवटच्या ओळीत देवाचा कोपच उरतो, म्हणून तिच्या आधीची, परत बोलावण्याची विनवणी करणारी ओळ पुन्हा म्हणतात आणि मगच वाचन संपवतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांनी या उपासाला मराठी नाव दिलं, ‘बिरड्याचा सण’. या दिवसांत त्यांच्या घरी कडव्या वालांचं बिरडं होत असे. वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा. जेरुसलेमच्या मंदिराचं सुतक रायगडच्या चुलीवर असं पाळलं गेलं.