पंचनाम्यात आपलं शेत आलं पाहिजे
(भाट्ये येथील बैठकीतले भाषण)

दादांनो, बायांनो, इथं भाट्यात नारळाचं संशोधन केंद्र आहे, तर नारळापासूनच बोलतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या. सरकारनं हेक्टरी 50 हजार जाहीर केले. पण इकडं बागा गुंठ्याच्या. 5 गुंठेवाल्याला अडीच हजार! लोक ओरडले, तेव्हा नारळाला झाडामागं 250 आणि सुपारीला 50 असा दर निघाला.

आपलं दुखणं वेगळं. विमा नाही म्हणून घाबरू नका, ही मदत विम्यावर नाही, पंचनाम्यावर मिळते. नुकसान 33 टक्के तरी पाहिजे. तलाठी सातबारा मागतो. आपल्याकडं वनहक्काचा पट्टा. 2006 च्या कायद्यानं तो नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. तोच पुढं करा. बायांनो, खातं तुमचंही सांगा.

नाचणी-वरी आडवी झाली की लगेच अर्ज द्या, पोच घ्या. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक, तिघांना बांधावर न्या. ज्यांचा दावा पडून आहे त्यांनी दाव्याची पोच जोडावी. पैसे मिळतील न मिळतील, शेत कागदावर येईल. अशा घरांची यादी पुढच्या बैठकीला घेऊन या.