शेगडीवरची निळी ज्योत

आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत शेगडी पेटायची. निखाऱ्यांवर निळसर ज्योत दिसायची ना? तो जळणारा कार्बन मोनॉक्साइड.

लालभडक कोळशातून थोडीच हवा सोडली की हा वायू आणि नायट्रोजन, म्हणजे प्रोड्यूसर गॅस. वाफ सोडली की हा आणि हायड्रोजन, म्हणजे वॉटर गॅस. हवा न देता बंद भट्टीत दगडी कोळसा तापवला की कोल गॅस. मागे उरतो कोक.

चाळी बांधायच्या कितीतरी आधी, १८६५ साली, मुंबईच्या रस्त्यांवर कोल गॅसचे दिवे लागले. लालबागची गॅस कंपनी गल्ली त्याचीच खूण.

पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच जीव घेतो. म्हणून शेगडी पेटती ठेवून खिडकी कधीच लावू नका.