नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही

आज आधी माझी फजिती सांगतो, मग कामाचं बोलतो.

कॉम्प्युटर फॉरमॅट मारला, विंडोज नवं टाकलं, आणि बघतो तर वायफायच गायब. तुमच्यापैकी बऱ्याच जणांसोबत हे झालं असेल. वायफायचा ड्रायव्हर पाहिजे. तो कुठे आहे? इंटरनेटवर. आणि इंटरनेट कशानं येणार? वायफायनं. म्हणजे किल्ली आत राहिली आणि कुलूप बाहेरून लागलं.

माझ्यासोबत हे झालं आर्वी तालुक्यात, मामाच्या गावी. मामेभाऊ तिथं सेवा केंद्र चालवतो. पुण्याहून सुट्टीवर गेलो होतो. तारीख होती 29 जुलै. तो म्हणाला, "दादा, मशीन लय हँग होऊन रायलं. तू इंजिनिअर आहे, बघ ना जरा." मी बीटेक, रोज कोड लिहितो, मला काय! संध्याकाळी सात वाजता पेन ड्राइव्ह लावला आणि सगळं साफ करून नवं विंडोज टाकलं.

मशीन मस्त सुरू झालं. पण वायफायचं चिन्हच नाही. स्कॅनर नाही, प्रिंटर नाही. राउटर शेजारच्या घरात, लॅनची वायर तिथपर्यंत पुरत नव्हती. भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, 31 तारखेला पीक विमा बंद होते. सकाळी लोकं येतीन ना."

त्या रात्री मला घाम फुटला. विम्याच्या अर्जासाठी सातबारा, आधार, पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र, सगळं स्कॅन करून चढवायचं असतं. उद्या मशीन बंद राहिलं तर लोकांनी आर्वीला जायचं, तिथं रांगेत उभं राहायचं, एका दिवसाची मजुरी बुडवायची. आणि पाऊस तर सुरूच होता.

आता ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो, पाहिलंय ना? ती बोटांची खूण ज्याला कळते तोच सौदा करतो. विंडोज आणि वायफाय कार्ड यांच्यामधला दलाल म्हणजे ड्रायव्हर. कार्ड जागेवर आहे, विंडोज जागेवर आहे, पण खूण कळणारा मधला माणूस नाही. मग सौदा होत नाही. विंडोजकडे स्वतःचे बरेच दलाल असतात, म्हणून कीबोर्ड, माऊस लगेच चालतात. पण प्रत्येक कार्डाचा नसतो.

मी पहिला प्रयत्न केला तो यूएसबी टेदरिंगचा. हे नीट ऐका, कारण दहापैकी बहुतेक वेळा एवढ्यावरच काम होतं. अँड्रॉइड फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करायचं. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. आणि गंमत म्हणजे फोन वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून कॉम्प्युटरला मिळतं. मोबाइल डेटा खर्च होत नाही.

माझ्या फोनवर मात्र तो पर्याय राखाडी. दाबलाच जात नव्हता. फोन बंद करून चालू केला, पोर्ट बदलला, काही नाही. मी ठरवून टाकलं की फोनच बिघडलाय.

मग दुसरा रस्ता धरला. डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथं पिवळ्या त्रिकोणासकट 'नेटवर्क कंट्रोलर' दिसत होतं. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडलं. तिथं मोठा आकडा येतो. घाबरायचं नाही, त्यात दोनच गोष्टी बघायच्या. 'व्हीईएन'च्या पुढचा आकडा म्हणजे कंपनी, 'डीईव्ही'च्या पुढचा म्हणजे वस्तू. 8086 दिसलं तर इंटेल. हो, तोच मायक्रोप्रोसेसरच्या पेपरसाठी रट्टा मारलेला 8086! 10ईसी असेल तर रिअलटेक, 14ई4 म्हणजे ब्रॉडकॉम. आमच्याकडे होतं 10ईसी आणि सी821, म्हणजे रिअलटेकचं वायफाय कार्ड.

स्क्रीनचा फोटो काढला आणि फोनवर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये तो आयडी टाकून शोधलं. नुसतं 'ड्रायव्हर डाउनलोड' असं गुगल करू नका. चार हिरवी बटणं दिसतात आणि चारही खोटी असतात. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीची साइट किंवा हा कॅटलॉग, बस. आपलं विंडोज 64 बिट असेल तर फाइलही त्याचीच घ्यायची.

फाइल फोनमध्ये आली. ती कॉम्प्युटरमध्ये न्यायची कशी? केबल लावली तर फक्त चार्जिंग. शेवटी मामीच्या कपाटातून लग्नाच्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह निघाला, आणि भावाकडे ओटीजीचा तुकडा होता. फोनमधून फाइल पेन ड्राइव्हवर, तिथून कॉम्प्युटरवर. कॅब फाइल उघडून आतलं सगळं एका फोल्डरमध्ये काढलं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', तो फोल्डर दाखवला, 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर टिक. दहा सेकंदांत वायफाय आलं. रात्रीचा दीड वाजला होता.

सकाळी स्कॅनर आणि प्रिंटरचे ड्रायव्हर टाकायला आणखी वेळ गेला. आठला येणारी माणसं ओसरीवर बसून होती. साडेदहाला पहिला अर्ज गेला. एक आजोबा मात्र वाट बघून परत गेले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, ते पुन्हा चालत आले. त्यांचा अर्ज भरला गेला, पण त्यांची ती दुसरी चक्कर माझ्यामुळे झाली.

आणि फोन बिघडला नव्हता. दुपारी भावानं आपली केबल दिली, तर टेदरिंग लगेच चालू. माझी केबल फक्त चार्जिंगची होती. स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. सहा तासांचं काम दोन मिनिटांचं होतं!

पण खरी चूक केबलची नाही. फॉरमॅट मारण्याआधी त्या मशीनमध्ये सगळे ड्रायव्हर होते. वायफायचा, स्कॅनरचा, प्रिंटरचा. मशीन हळू चालत होतं, पण चालत होतं. मी काही न घेता सगळं पुसून टाकलं.

म्हणून फॉरमॅटच्या आधी हे करायचं. विंडोज 10 किंवा 11 असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. लिहा: पीएनपीयुटिल, स्पेस, स्लॅश एक्स्पोर्ट डॅश ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस, आणि पुढे पेन ड्राइव्हवरच्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येतात. नवं विंडोज टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरला तोच फोल्डर दाखवायचा. यात कुठेही इंटरनेट लागत नाही. प्रिंटर-स्कॅनरचं कंपनीचं सॉफ्टवेअर मात्र यात येत नाही, त्याची सेटअप फाइल वेगळी ठेवा.

घाईत जुन्यावरच नवं विंडोज टाकलं असेल, डिस्क पुसली नसेल, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर सापडतो. त्यात विंडोज, सिस्टम 32, ड्रायव्हर स्टोअर, फाइल रिपॉझिटरी असं आत जा. जुने ड्रायव्हर तिथंच असतात. आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर विंडोज टाकताना एसएसडीच दिसत नाही. तिथं इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर मोकळा करून ठेवावा लागतो आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवावा लागतो.

भावाच्या टेबलाच्या खणात आता एक पेन ड्राइव्ह असतो. त्यावर पांढरी पट्टी लावून त्यानं लिहिलंय, 'ड्रायव्हर, हात लावू नये'. सोबत एक डेटा केबल. मामीला लग्नाचा व्हिडिओ परत दिला, सही सलामत.

तुमच्या घरी, दुकानात, शाळेत कॉम्प्युटर असेल तर आज पाच मिनिटं काढून ही कॉपी करून ठेवा. आणि कुणी "तू इंजिनिअर आहे ना" म्हणालं की आधी विचारा, शेवटची तारीख कधी आहे. भेटू पुढच्या भागात!