एका पडद्यावर अनेक हात



निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे मिळून एकच चित्र काढू लागली, म्हणजे त्यांच्यात समान समजूत कशी उत्पन्न होते, हा आजचा विषय. दाखल्यासाठी मला कोल्हापूरच्या वेशीबाहेर जाण्याचे कारण दिसत नाही.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले, नात्याने भाऊ. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणे हा त्यांचा उद्योग. त्यांच्या हाताखाली पेणचे विष्णुपंत दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल तयार झाले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, गुरू मेस्त्री!

पडदा रंगविणे म्हणजे काय, हे आता पुष्कळांनी पाहिलेले नसेल. लहान चित्रावर चौकटी आखावयाच्या, तितक्याच चौकटी भल्या मोठ्या कापडावर पाडावयाच्या आणि रेषा कोळशाने तिकडे उतरवून घ्यावयाच्या. रंगाची पूड ऊन सरसात कालवावयाची. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. तेव्हा एकाने सकाळी रंगविलेल्या आभाळाला दुसऱ्याने दुपारी आभाळ जोडावयाचे, तर डोळ्यांपुढच्या रंगावर विसंबून भागत नाही. वाळल्यावर काय दिसेल, याबद्दल दोघांचे एकमत लागते. शिवाय कुंचला धरणाऱ्याला स्वतःचे काम जवळून नीट कळतच नाही. कोणीतरी वीस पावले मागे जाऊन ‘महालाचा खांब कलला’ म्हणून ओरडावे लागते, आणि वर चढलेल्याने ते मुकाट्याने ऐकावे लागते. ओरडणारा कोणत्या जातीचा, हे विचारीत बसलात तर खांब तसाच कललेला राहील. ऐक्यावरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा (हे माझेही त्यात धरा) हा खांब मला जास्त पटतो.

पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, १९२० साली ‘सैरंध्री’ आला. याच कंपनीतली मंडळी १९२९ मध्ये बाहेर पडली आणि शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांनी येथेच ‘प्रभात’ काढली. एकत्र रंगविलेला पडदा माणसांना जन्मभर बांधून ठेवतो, असा माझा दावा नाही. कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाने तो करूही नये. पण ही मंडळी निघाली ती जातवार फुटून नव्हे.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तेथे दामले-फत्तेलाल या जोडीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवातही गौरविला गेला. तुकोबांचे घर, अंगण, इंद्रायणीचा काठ कसा दिसावा, हे या दोन चित्रकारांनी मिळून ठरविले, आणि घरोघरच्या वारकऱ्यांनी ते आपले मानले. त्यासाठी ‘साहेबमामा’ फत्तेलालांना माळ घालावी लागली नाही. १९४० साली याच जोडीने ‘संत ज्ञानेश्वर’ही केला.

मात्र आभाळ भरणारे, सरस उकळणारे, कापड शिवणारे हात कोणाचे होते? त्यांची नावे पडद्यावर नाहीत. ही माझी जुनी तक्रार आहे.

आज चौकाचौकात फ्लेक्स लागतात. यंत्रातून रात्रीत छापून येतात. स्वस्त पडतात, हे मी नाकारीत नाही. पण प्रत्येक गटाचा फलक वेगळा, आणि तो छापताना कोणाला कोणाचे काही विचारावेच लागत नाही. अलीकडे भिंतींवर ऐक्याची चित्रे मुलांकडून काढून घेतात. तेथे प्रत्येकाला आपापली चौकट आखून दिलेली असते; ज्याने त्याने ती भरावी आणि घरी जावे. शेजारच्या चौकटीतली रेषा आपल्या चौकटीत कशी यावयाची, हा प्रश्नच उरत नाही. खरी बोलाचाली तर त्या रेषेवरच होते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या उत्सवात दोन पेठांच्या दोन तालमींनी मिळून एकच कापड ताणावे. हाताने रंगविणारे जुने कारागीर गावात अजून आहेत. त्यांना पुढे बसवावे, तालमीच्या पोरांनी त्यांच्या हाताखाली काम करावे. काय काढावयाचे यावर चार दिवस भांडण होईल, ते होऊ द्यावे. कोपऱ्यात सगळ्यांची नावे लिहावी. आणि कारागिरांची मजुरी आधी ठरवून, रोजच्या रोज, रोख द्यावी.