वंगणाची सरमिसळ
(घणसोली गावातील यंत्रकामगार व लघुउद्योजक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भातशेती आणि मासेमारीवर जगलेल्या घणसोलीला यंत्र आता परके राहिलेले नाही. पूर्वेस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, तर पश्चिमेस खाडीत इंजिनाच्या होड्या. तेलाची पातळी उतरली की हाताशी असेल ते तेल ओतावयाचे, ही सवय मात्र दोन्हीकडे आढळते.

डब्यावरील ६८ हा आयएसओ आकडा ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे, एवढेच सांगतो. झीज, गंज व फेस रोखण्यासाठी तेलात कोणती रसायने घातली आहेत, हे त्यावरून कळत नाही. इंजिन तेलातील द्रव्ये काजळी तरंगत ठेवतात. हायड्रॉलिक तेलाने बहुधा पाणी वेगळे सोडावे, अशी अपेक्षा असते. प्रेसच्या टाकीत इंजिन तेल पडले, तर पावसाळ्यात शिरलेले पाणी तळाशी बसत नाही. तेल ताकासारखे पांढुरके होते, पंप घरघरू लागतो. आम्लधर्मी व अल्कधर्मी रसायने एकत्र आली तर साबणासारखा गाळ धरतो आणि फिल्टर तुंबतो. अशा गाळाने झडप अडकली, तर प्रेस वेळीच थांबेल याचा भरवसा नाही. आणि तिच्याखाली कोणाचा तरी हात असतो.

ग्रीसच्या रंगावर तर मुळीच विसंबू नये. लिथियम साबणाचे ग्रीस आणि बेंटोनाइट मातीचे ग्रीस एकत्र आले, तर मिश्रण पुष्कळदा पातळ होऊन वाहून जाते व बेअरिंग कोरडे पडते. हे त्याच दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी बेअरिंग जाते आणि दोष येतो रात्रपाळीच्या कामगारावर!

प्रत्येक तेलाला स्वतंत्र डबा, माप व नरसाळे ठेवावे. टाकीच्या तोंडाशी तेलाचे नाव मराठीत रंगवावे. कंपनी बदलावयाची असल्यास पुरवठादाराकडून मिश्रणाविषयी लेखी खुलासा घ्यावा, अन्यथा जुने तेल पूर्ण काढून टाकी व नळ्या धुवाव्यात. बाटलीत दोन तेले हलवून पाहण्याची चाचणी अपुरी आहे. मिश्रण स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्धोक ठरत नाही. चुकून सरमिसळ झालीच, तर यंत्र सुरू न करता तत्काळ सांगावे. सांगणाऱ्याची मजुरी कापणारा मालक पुढची चूक लपविण्यास स्वतःच शिकवीत असतो.

काढलेले तेल नाल्यात ओतू नये, कारण तो नाला खाडीलाच मिळतो. ते झाकणाच्या पिंपात साठवून मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे.