झऱ्याची मालकीण

अमेरिकेतल्या ‘वेस्टर्न’ कादंबऱ्यांचा विषय निघाला की झेन ग्रे यांचं नाव येतंच. न्यूयॉर्कमधला दातांचा दवाखाना सोडून ते लेखनाकडे वळले. ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ ही त्यांची गाजलेली कादंबरी आली 1912 साली.

कथा घडते 1871 मध्ये, दक्षिण यूटाच्या रुक्ष प्रदेशात. मॉर्मन पंथाच्या लोकांनी तिथे वस्ती केली होती. जेन विदरस्टीन ही त्यांच्यातलीच. वडिलांमागे गुरांचे कळप, जातिवंत घोडे, जमीन सगळं तिच्याकडे आलेलं. आणि ज्या झऱ्यावर अख्खं गाव हिरवं राहतं, तो झराही तिचाच. पंथाचा पुढारी टल याला तिच्याशी लग्न करायचंय. त्या मुलखात पाणी ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव! जेन नकार देते, वर पंथाबाहेरच्या माणसांना आसरा देते. मग तिचे गुराखी फोडले जातात, गुरं पळवली जातात. मदतीला येतो लॅसिटर हा बंदूकबाज. त्याची बहीण याच पंथाच्या लोकांपायी उद्ध्वस्त झालेली.

ग्रे यांनी मॉर्मन पुढारी फार काळ्या रंगात रंगवलेत, हे मान्य करायला हवं. पण जेन? देवावरची श्रद्धा न सोडता ती धर्माच्या ठेकेदारांशी झगडते. हे अंतर्द्वंद्व मला गोळीबारापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. कादंबरी जरूर वाचा. पुढची कहाणी ‘द रेनबो ट्रेल’मध्ये आहे.