केडलस्टनचा वाडा आणि त्याची कलकत्त्यातील प्रतिकृती



इंग्लंडातील सरदारांचे ग्रामीण वाडे हा आजचा विषय. असे वाडे शेकड्यांनी मोजावे लागतील. परंतु घटकाभरात साऱ्यांना दुरून नमस्कार करीत जाण्यापेक्षा एकाच वाड्याच्या देवडीतून आत शिरावे, असे आम्ही ठरविले आहे. हा वाडा म्हणजे डर्बी शहराजवळचा केडलस्टन हॉल.

वाड्याचे धनी कर्झन घराणे. बाराव्या शतकापासून ही जमीन त्यांची. १७५९ च्या सुमारास सर नॅथॅनिएल कर्झन यांनी जुने घर पाडून नवे बांधावयास घेतले. ब्रेटिंगहॅम आणि पेन या दोघांनंतर काम रॉबर्ट ॲडम या तरुण स्कॉटिश वास्तुकाराकडे आले. तो नुकताच इटलीतून रोमन अवशेषांचा अभ्यास करून परतला होता, आणि ती सारी विद्या त्याने येथे सढळ हाताने ओतली. पहिल्याच दालनात अलाबास्टर दगडाचे २० खांब, प्रत्येक २५ फूट उंच. त्यामागे घुमटाचा गोल दिवाणखाना, ६२ फूट उंचीचा, रोमच्या पॅन्थिऑनची आठवण देणारा. दक्षिणेची दर्शनी बाजू तर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतलेली! डर्बीशायरच्या जमीनदाराने कोणता देश जिंकला होता, असे कोणी विचारील. पण ते घर मुळी राहण्यासाठी नव्हतेच. कुटुंब राही बाजूच्या एका लहान वाड्यात. दुसऱ्या बाजूच्या लहान वाड्यात मुदपाकखाना. मधला थोरला वाडा पाहुण्यांनी पाहावा आणि थक्क व्हावे म्हणून. दृष्टीआड व्हावे म्हणून गावच उचलून दुसरीकडे वसविले, हमरस्ता वळविला. जुने चर्च तेवढे जागच्या जागी राहिले. आज ते वाड्याला खेटून एकटेच उभे आहे. डॉक्टर जॉन्सन १७७७ साली हे वैभव पाहून गेले. त्यांच्या मते ही इमारत नगरभवनाला उत्तम शोभली असती. आम्हांस ही टीका मार्मिक वाटते.

आता मुख्य गोष्ट. मूळ आराखड्यात मधल्या वाड्याच्या चार कोपऱ्यांना चार लहान वाडे होते, वक्र सोप्यांनी मध्याशी जोडलेले. ही कल्पना पल्लादिओ या इटालियन वास्तुकाराच्या एका नकाशावरून घेतलेली. त्यांपैकी उत्तरेकडचे दोनच बांधले गेले. दक्षिणेकडचे दोन कागदावर राहिले.

ते चारही वाडे पाहावयाचे तर कलकत्त्यास जावे लागते. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १७९९ साली तेथे नवे शासनभवन बांधावयास घेतले, आणि कॅप्टन चार्ल्स वायट या अभियंत्याने नमुना घेतला तो केडलस्टनचा. येथे मात्र चारही बाजू पुऱ्या झाल्या. चार अंगांनी वारा खेळावा ही सोयही साधली. मुदपाकखाना मात्र आवारातच नव्हता; जेवण बाहेरून वाहून आणावे लागे. खर्च पाहून लंडनचे कंपनीचे संचालक संतापले. पण पैसा कोणाच्या मुलखातून जमत होता, हे बंगालच्या रयतेला सांगावयास नको होते. स्वदेशी अर्धा राहिलेला आराखडा परमुलखात पुरा झाला, यातच त्या काळाचे पुष्कळसे चरित्र आले.

भवन १८०३ साली पुरे झाले. आदल्याच वर्षी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला होता; आणि सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर वेलस्लीच्याच धाकट्या भावाने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. कलकत्त्याच्या त्या खांबांना विजयकमान शोभत होती, असे कष्टाने म्हणावे लागते.

पुढे मोठा योग आला. केडलस्टनमध्येच १८५९ साली जन्मलेले जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन आले, आणि आपल्या घराच्या प्रतिकृतीत राहू लागले. १९०४ साली त्यांनी प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला. आपली लेणी आणि मंदिरे राखण्यास त्याचा उपयोग झाला, हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे. त्याच गृहस्थांनी १९०५ साली बंगाल फोडला, तेही त्याच वहीत लिहावयाचे.

कर्झन १९२५ साली वारले. १९८७ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्टकडे गेला, आणि ज्यांच्या नजरेआड गाव हलविले होते त्या वाड्यात आता तिकीट काढून कोणीही शिरतो. पूर्वेकडून त्यांनी जमविलेल्या वस्तूंचे तेथे संग्रहालय आहे. लेडी कर्झन यांनी १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी नेसलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही या वाड्याच्याच ठेव्यात आहे. शिवण पॅरिसची, जरीकाम आपल्याकडच्या कारागिरांचे.